खाण मिटली, वावराचं काय?

मागच्या अंकात बोरूच्या हिरवळीच्या खतावर लिहिताना मी सहज एक वाक्य लिहून गेले होते, की खाणीच्या ढिगाऱ्यावरही बोरू उगवतो. त्या एका वाक्यावर वणी, भद्रावती, राजुरा, उमरेडकडून पत्रांचा गठ्ठा आला. म्हणून या महिन्यात रोगकिडींचे प्रश्न बाजूला ठेवते आणि फक्त कोळशाच्या खुल्या खाणींखाली गेलेल्या मातीबद्दल बोलते. मृदा सर्वेक्षणाच्या कामात माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी वर्धा नदीच्या खोऱ्यात.

प्रश्न : ताई, आमचं नऊ एकर काळं वावर १९९४ साली खुल्या खाणीत गेलं. पैसे मिळाले, मोठ्या भावाला नोकरी लागली, त्याबद्दल तक्रार नाही. आता तिथला कोळसा संपला. खड्ड्याचा बराच भाग भरून वर डोझर फिरवून सपाट केलाय, झाडं लावलीत, फलकही लावलाय. मुलगा म्हणतो, ही जमीन कधी परत मिळाली तर पऱ्हाटी (कापूस) चांगली होईल. मी रोज सकाळी तिकडं फिरायला जातो. पायाखाली ती जमीन आमची वाटतच नाही. ती पूर्वीसारखी होईल का? — एक शेतकरी, वय ६८, वणी तालुका

काका, तुमच्या पायांनी बरोबर ओळखलं.

माझ्याकडे १९८६ची एक वही आहे. त्या जानेवारीत आम्ही तुमच्याच तालुक्यात एका तुरीच्या वावरात दीड मीटर खोल खड्डा घेतला होता. वहीत थराथराची नोंद आहे. वरची वीतभर माती भुसभुशीत, मुळ्यांनी भरलेली. त्याखाली हातभर गडद काळी, चिकण, दाबली की चकाकणारे पृष्ठभाग दाखवणारी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तेव्हा तिचे मोठे ठोकळे एकमेकांवर घासून ही चकाकी येते. मीटरभर खाली चुनखडीचे पांढरे खडे, आणि त्याच्याही खाली पिवळसर माती. तुरीचं मूळ आम्हाला एक मीटर वीस सेंटिमीटरवर सापडलं होतं. त्या वावराच्या मालकीण आजींनी खड्ड्यात डोकावून विचारलं होतं, "बाई, एवढ्या खाली काय पाहता?" मी म्हटलं, तुमची तूर कुठं पाणी पिते ते पाहते.

ते वावर पुढे खाणीत गेलं. २०११ साली भरून सपाट केलेल्या भागावर, अंदाजाने त्याच जागेजवळ, मी पुन्हा खड्डा घेतला. वर वालुकाश्माचा चुरा आणि दगड, मधे कोळशाळ काळा शेल (पापुद्र्यांचा ठिसूळ दगड), त्यात कुठेतरी चेपलेली काळ्या मातीची ढेकळं, आणि साठ सेंटिमीटरवर इतकी कडक बैठक की टिकाव उडत होता. ते पाहून मी बराच वेळ खड्ड्याच्या काठावर बसून राहिले.

असं का होतं, ते समजून घ्या. आपल्याकडे वर काळी माती, खाली पिवळी चिकण माती, मग कामठी नावाच्या खडकथरातला वालुकाश्म, आणि त्याखाली बाराकर नावाच्या थरांतला कोळसा. खोदताना सगळ्यात आधी निघते ती माती, आणि ढिगाऱ्यात सगळ्यात खाली तीच जाते. शेवटी निघतो तो कोळशालगतचा दगड, तो वर येतो. म्हणजे जमीन उलटी होते. शिवाय फोडलेला दगड फुगतो, मूळ जागेपेक्षा पाव हिस्सा तरी जास्त जागा मागतो, म्हणून कोळसा काढून नेल्यावरही गावाशेजारी डोंगर उरतातच. आणि त्या भरावावरून साठ ते शंभर टन वाहणारे डंपर वर्षानुवर्षं फिरतात. तुमच्या बैलबंडीच्या चाकोरीतही पीक खुरटतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला घेता येईल असं साधारण दोनशे मिलिमीटर पाणी साठतं. ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर पऱ्हाटी आणि तूर त्याच साठ्यावर फेब्रुवारीपर्यंत तगतात. वालुकाश्माच्या चुऱ्यात तेवढं पाणी राहत नाही, आणि असलं तरी कडक बैठकीमुळे मुळं तिथवर पोचत नाहीत. म्हणून सरळ उत्तर देते : आज जशी भरली आहे तशी त्या जमिनीत पूर्वीची पऱ्हाटी होणार नाही, तुमच्या हयातीत नाही. जुन्या लोकांच्या भाषेत सांगायचं तर ती काळी होती, तिची आता बरडी, म्हणजे हलकी दगडाळ जमीन, झाली आहे. बरडीवर चारा होतो, सीताफळ होतं, बोर होतं, बांबू होतो, आणि वर अर्धा-एक मीटर खरी माती आणून पसरली तर ज्वारी-तूरही होते. तेवढी माती कुठे राखून ठेवली आहे का, हे ग्रामसभेतून लेखी विचारा. खाण बंद करण्याच्या आराखड्यात वरच्या मातीचा साठा कुठे आणि किती, याची नोंद असते.

आणि एक. जमीन कोळसाधारक क्षेत्र अधिनियम १९५७ खाली संपादित झाली असेल तर मालकी तुमच्याकडे राहिलेली नाही. परत मिळेल या भरवशावर मुलाने आज कुठलंही कर्ज काढू नये. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण तुमच्यापासून लपवणं त्याहून वाईट.

प्रश्न : माझं पाच एकर वावर जुन्या ढिगाऱ्याच्या पायथ्याला आहे. दर पावसाळ्यात वरून राखाडी माती, खडे वाहून येतात. धुऱ्याकडचं एक एकर तर वीतभर बुजलं. यंदा तिथं सोयाबीन उगवलंच नाही. काय करू? — भद्रावती तालुका

आधी पाणी. ढिगाऱ्याकडून येणारं पाणी थांबत नाही तोवर वावरात घातलेला प्रत्येक रुपया पुढच्या जुलैत वाहून जाईल. ढिगाऱ्याच्या पायथ्याला दगडी भिंत, त्याच्या भोवती पाणी वळवणारी चारी आणि गाळ बसायला टाकी, ही कामं खाणवाल्यांची आहेत; पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये ती नेहमी असतात. पर्यावरण मंजुरीचं पत्र सार्वजनिक असतं, त्याची प्रत मिळवा, अट क्रमांकासह अर्ज लिहा. तहसीलदार आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोघांनाही द्या आणि पोच घ्या. पाऊस पडून गेल्याबरोबर तलाठी आणि कृषी सहायकाकडून पंचनामा करून घ्या. गाळाची जाडी दिसेल असा फोटो घ्या, त्यात मोजपट्टी धरा. वखरणी झाल्यावर पुरावा उरत नाही.

माझ्या एका नातेवाइकाने हेच केलं नव्हतं. तीन वर्षं तो एका कार्यालयात तोंडी सांगत राहिला, प्रत्येक वेळी चहा मिळाला आणि पुढच्या महिन्याची तारीख. चौथ्या वर्षी साहेब बदलले आणि त्यांच्याकडे कुठलाच कागद नव्हता.

आता वावराकडे. बुजलेल्या एकरात पाच-सहा ठिकाणी कुदळीने खणून वरचा थर किती जाड आहे ते पाहा. चार बोटांपर्यंत असेल तर खोल नांगरटीने खालच्या काळ्या मातीत मिसळून टाका. थोडी रेताड भर पडल्याने भारी जमिनीचं फार बिघडत नाही. वीतभर किंवा जास्त असेल तर मिसळू नका, खरवडून काढा. आलेलं साहित्य कसलं आहे ते घरीच बघता येतं : काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा ती माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर, जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात तळाला बसते ती रेती. दोन तासांत बसतो तो पोयटा. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर ती चिकण माती. तुमच्याकडे बहुधा त्या मातीतला पाऊण हिस्सा मिनिटभरातच बसेल.

सामू (माती किती आंबट, किती विम्ल ते सांगणारा आकडा) आणि क्षारता मात्र प्रयोगशाळेतच तपासा. जगात कित्येक कोळसा खाणींत गंधकयुक्त खनिजामुळे पाणी आंबट होतं आणि जमीन करपते. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी आहे, ही आपली जमेची बाजू. तरीही नाल्याच्या पाण्याला तांबूस साय धरत असेल तर तपासल्याशिवाय ते पिकाला देऊ नका.

खरवडल्यानंतर पहिल्या वर्षी नगदी पिकाचा मोह सोडा. मृगाच्या पावसावर एकरी वीस किलो बोरू किंवा धैंचा पेरा, पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर येताच गाडा, आणि गाडताना जमिनीत वाफसा (ना चिखल, ना कोरडी) असू द्या. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर घातला की डंपरने तिकडे केलं तेच तुम्ही इकडे कराल. त्याच वर्षी रब्बीला हरभरा घेऊन पाहा. दुसऱ्या वर्षी तूर. तुरीचं मूळ खाली गेलं तर समजा, बैठक मोकळी होते आहे.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाला खाणीच्या ढिगाऱ्यावर झाडं लावायचं काम मिळतंय. रोपं ते देणार, खड्डे आम्ही करायचे, रोपामागे पैसे. घ्यावं का? कुठली झाडं जगतात? — राजुरा

घ्या, पण पैसे लावलेल्या रोपामागे ठरवू नका. जगलेल्या रोपामागे ठरवा, आणि मोजणी तिसऱ्या उन्हाळ्यानंतरची धरा. राखण, पाणी आणि मेलेल्या जागी नवं रोप, या तिन्हीची मजुरी करारात लिहून घ्या. खुल्या खाणीसाठी पैसा नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाण बंद करण्याच्या खर्चापोटी वेगळ्या खात्यात रक्कम ठेवावी लागते (२००९च्या सूचनांत तिचा दर हेक्टरी सहा लाख रुपये होता), आणि दरवर्षी ती चढत्या हिशेबाने वाढते. तो पैसा याच कामासाठी आहे.

चंद्रपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. पारा ४७ अंशांवर जातो तेव्हा उघड्या काळ्या शेलवर हात ठेववत नाही. नैर्ऋत्येकडचा उतार सगळ्यात आधी करपतो. म्हणून पहिल्या पावसाळ्यात झाडं लावूच नका, आधी गवत. मारवेल, दिनानाथ, स्टायलो यांचं बी शेणमातीत कालवून उताराला आडव्या सऱ्यांत टाका. काठाला वाळा आणि घायपात. गवताने माती धरली, जरा सावली झाली, की दुसऱ्या वर्षी झाडं. खड्डा दीड फुटाचा, त्यात निम्मी काळी माती आणि शेणखत. साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाच्या रसातला गाळ) मिळालं तर फार उत्तम. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर प्रेसमड, नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांना पोसणारी बुरशी यांच्या मदतीने झाडं उभी करून दाखवली. तीच पद्धत पुढे चंद्रपूरकडच्या कोळसा ढिगाऱ्यावरही वापरली गेली. रोप लावताना जुन्या करंज किंवा शिसवाखालची मूठभर माती प्रत्येक खड्ड्यात टाकलीत तरी त्यातले पुष्कळ उपयोगी जीव फुकटात मिळतील.

झाडं : करंज, शिसू, खैर, सीताफळ, बोर, कडुनिंब, उतारावर बांबू. सुबाभूळ थोडी चालेल, नत्र देते, पण सगळीकडे तीच लावायचा हट्ट कुणी धरला तर नाही म्हणा. आणि वेडी बाभूळ कुणी फुकट दिली तरी लावू नका. ती जगते, झपाट्याने जगते, वरून हिरवी दिसते, म्हणून कागदावर ती सगळ्यांना आवडते. पण तिच्या दाट काटेरी जाळ्यांत डुकरं राहतात आणि डुकरांमागे वाघ येतो. आपल्या जिल्ह्यात ढिगाऱ्यांवरच्या या झुडपांत वाघ राहू लागले आहेत, हे तुम्ही रोज ऐकता. तुम्ही बाया सरपणाला आणि राखणीला त्याच वाटेने जाणार. एकटीने जायचं नाही, दिवस मावळायच्या आत खाली उतरायचं, हा नियम गटाच्या वहीत लिहून ठेवा.

आणखी एक. ढिगाऱ्यात कुठे धूर निघत असेल, गंधकासारखा वास येत असेल, पावसानंतर तेवढाच तुकडा लवकर सुकत असेल, तर तिथे आत कोळशाचा चुरा धुमसतो आहे. तिथे खड्डा खणू नका. पाय आत जाऊ शकतो.

प्रश्न : जर्मनीत कोळशाच्या खड्ड्यांची सुंदर सरोवरं केली आहेत म्हणे. आपल्याकडे तसं करून पर्यटन का वाढवत नाहीत? — पुणे

केली आहेत. पूर्व जर्मनीतल्या लाउसित्स भागात तर कित्येक. पण तिथे पाणी आंबट होतं म्हणून बोटीतून चुना टाकत राहावं लागतं, वर्षानुवर्षं. आणि सैल भराव पाण्याने भिजला की काठ घसरतात : १८ जुलै २००९ रोजी नाख्टरश्टेट या गावात अशाच सरोवराचा काठ घरांसकट खाली गेला, तीन माणसं गेली. आपल्याकडे खाणीच्या खड्ड्यातलं पाणी शेतीला आणि पिण्याला शुद्ध करून वापरणं मला पर्यटनापेक्षा जास्त गरजेचं वाटतं. तोवर, वणी-चंद्रपूरच्या वाचकांनो, पोरांना त्या पाण्यात उतरू देऊ नका. काठ सरळसोट असतो, उतरलेल्याला वर येता येत नाही.

जर्मनीकडून घ्यायचंच तर पश्चिमेकडच्या ऱ्हाइनलँडमधली शेती घ्या. तिथे वरची लोएस (वाऱ्याने आणून टाकलेली बारीक, सुपीक) माती वेगळी काढतात, भरून झालेल्या जमिनीवर किमान दोन मीटर जाडीने पसरतात, पहिली तीन वर्षं लसूणघास घेतात, मग धान्य, आणि साधारण सात वर्षांनी ती शेतकऱ्याच्या हाती देतात. सात वर्षं जमीन स्वतः कसून दाखवायची, मग द्यायची, हे मला फार भावलं.

प्रश्न : मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावाजवळच्या खाणीने वरची माती वेगळी ठेवली आहे, पण तो ढीग नऊ वर्षं तसाच आहे, तीन मजली उंच. ही माती अजून जिवंत असेल का? प्रकल्पासाठी काय तपासू? — उमरेड

या महिन्यातलं मला सगळ्यात आवडलेलं पत्र.

वरचा हात-दीड हात जिवंत असेल, आतली नाही. उंच ढिगात हवा पोचत नाही. गांडुळं, मुळांवरची बुरशी, हवेवर जगणारे जिवाणू पहिल्या एक-दोन वर्षांतच कमी होत जातात. काळ्या मातीचं रवाळपण दाबाने मोडतं. म्हणून चांगली पद्धत अशी की माती साठवायचीच नाही, एका बाजूने काढायची आणि त्याच हंगामात दुसऱ्या बाजूच्या भरावावर पसरायची. साठवावी लागलीच तर ढीग माणसाच्या उंचीच्या आसपास, पसरट, आणि वर बोरू किंवा घास कायम उगवता. माती काढताना ती कोरडी हवी. ओली काळी माती डंपरमध्ये भरली की तिचा चिखलाचा दगड होतो.

अमेरिकेने ३ ऑगस्ट १९७७ रोजी खुल्या खाणींचा कायदा केला. उत्तम शेतजमिनीवर खाण असेल तर तिथे साधारण १२० सेंटिमीटर मातीचे थर परत रचावे लागतात, आणि किमान तीन हंगाम पूर्वीइतकं पीक काढून दाखवल्याशिवाय खाणवाल्याची अनामत सुटत नाही. आपल्याकडे ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाण संपल्यावर ती जमीन पुन्हा गवत, चारा आणि वनस्पती वाढण्याजोगी करण्याची अट खाणपट्ट्यात घाला, खर्च पट्टाधारकाचा, असा आदेश दिला. त्या खंडपीठाचे प्रमुख होते आपल्या नागपूरचे, तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे. मला तो आदेश महत्त्वाचा वाटतो, पण तुझ्यासारख्याने मोजमाप केलं नाही तर गवत उगवलं की नाही एवढंच पाहिलं जाईल. हिरवळ उपग्रहातून दिसते. मुळं कुठवर गेली ते दिसत नाही.

तर तू हे कर. ढिगाच्या कुशीत तीन उंचींवर आडवं खणून नमुने घे : पृष्ठभागापासून वीतभर, एक मीटर आणि दोन मीटर आत. एकट्याने खणू नकोस, वरून दरड येते. प्रत्येक नमुन्याचं सेंद्रिय कर्ब, सामू आणि श्वसन मोज. बंद बरणीत माती आणि चुन्याचं निवळ पाणी ठेवून किती कर्बवायू सुटतो ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज होतं. शेजारच्या न खोदलेल्या वावरातला एक नमुना तुलनेला हवाच, त्याच्याशिवाय तुझ्या आकड्यांना अर्थ नाही. मग त्याच नमुन्यांच्या कुंड्या भरून मूग पेर, पंचवीस दिवसांनी उपट, मुळांवरच्या गाठी मोज. आतल्या मातीतल्या मुगाला गाठी आल्या नाहीत, तर दुसऱ्या कुंडीत धुऱ्यावरची मूठभर माती मिसळून पुन्हा पेर आणि फरक लिही.

शेवटी भरून सपाट केलेल्या भागावर एक खड्डा घे, परवानगी काढून, दीड मीटरचा. थराची जाडी, रंग, दगडाचं प्रमाण, मूळ किती खोल गेलं, सगळं पेन्सिलीने लिही; शाई पावसात जाते. तालुका, गट क्रमांक, तारीख विसरू नकोस. वही पूर्ण झाली की तिची छायाप्रत मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठव. माझ्या १९८६च्या वहीशेजारी ठेवून मी दोन्ही वाचीन, आणि काय दिसतं ते तुला कळवीन.